वैकुंठ कोणाचे? : ‘क्रिस्तपुराण’ वाचताना

उपवासकाळातील एका शुक्रवारी क्रूसाची वाट आटोपल्यावर पेठ वडगावातील काही कुटुंबांसह आम्ही फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तील थोडा भाग वाचीत बसलो होतो. ‘वैकुंठ’ हा शब्द आला, तसे एका वयोवृद्ध गृहस्थांनी वाचन थांबविले. ते म्हणाले, “फादर, हा ग्रंथ आपलाच ना? आमच्या आळीत कोणी माळकरी गेला की फळ्यावर ‘वैकुंठवासी’ असे लिहितात. मग आमचा बाप्तिस्मा झाला तो त्याच वैकुंठाला जाण्यासाठी काय?” कोणी हसले नाही. प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर शब्दकोशात नव्हते. ते इतिहासात शोधावे लागणार होते.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. येशूसंघात दाखल होऊन ते १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. ही चाळीस वर्षे त्यांनी प्रामुख्याने साष्टी प्रांतात घालविली. त्यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे छापले गेले. मराठी लिपीचे ठसे हाताशी नसल्यामुळे मराठी ओवी रोमन अक्षरांत उतरली. त्यांची ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी मात्र कोकणीत असून ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच लेखकाने धडा कोकणीत आणि पुराण मराठीत का लिहावे? कारण साष्टीचा माणूस घरी कोकणी बोलत असला, तरी देवाची कथा तो मराठीत ऐकत आला होता. भाषेची ही निवडच आपल्याला त्या काळाविषयी पुष्कळ काही सांगते.

ग्रंथाचे बाह्य रूपही असेच बोलके आहे. सुमारे अकरा हजार ओव्या, ‘अवस्वर’ नावाचे अध्याय, जुन्या व नव्या कराराला अनुसरून केलेले दोन भाग. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. ही चाल ज्ञानेश्वरांपासून मराठी कानांत मुरलेली होती. १५९९ साली एकनाथ महाराज समाधिस्थ झाले, तेव्हा स्टीफन्सना गोव्यात येऊन वीस वर्षे झाली होती. ओवी हा त्यांच्या ग्रंथावर चढविलेला दागिना नव्हे. पुराण म्हटले की ते कोणीतरी सांगावे, चौघांनी बसून ऐकावे आणि मध्येच शंका विचारावी, अशी श्रोत्यांची अपेक्षा असे. स्टीफन्स यांनी ती अपेक्षा पुरी केली. म्हणून त्या संध्याकाळी आमच्या गृहस्थांनी वाचन अडविले, तेव्हा त्यांच्या हातून पुराणश्रवणाचा नियमच पाळला गेला, असे मला वाटले.

परंतु येथे एक कटु गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ग्रंथाच्या आरंभीच नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी येते: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? ही मागणी शांततेच्या काळात उमटलेली नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवळे पाडली गेली होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांचा वध झाला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या अनेक प्रमुखांना ठार केले. दोन्हीकडचे रक्त त्या भूमीवर सांडले होते. हा संदर्भ वगळला, तर ‘क्रिस्तपुराण’ केवळ मराठीच्या गौरवाचा ग्रंथ उरतो. शाळेत आपण त्यातील मराठीची स्तुती तेवढी वाचतो. संदर्भासह वाचला, की ज्यांच्या मुखातून एक कथा काढून घेतली गेली, त्यांना दुसरी कथा त्यांच्याच वाणीत देण्याचा तो प्रयत्न ठरतो. त्यात प्रेम आहे, आणि सत्तेची सावलीही आहे.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. छापील प्रती दुर्मीळ झाल्या, पण कुटुंबांनी हस्तलिखिते जपली. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे आवृत्ती काढली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात पुराणाची देवनागरी प्रतही सापडली. रोमन परंपरेत जेथे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे शब्द येतात, तेथे या प्रतीत अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. कथा एकच, पण तिला शब्दांचे वेगळे वस्त्र मिळाले. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ती आणि फादर नेल्सन फाल्काव यांची २००९ ची आवृत्ती यांमुळे आज आपणही हे वाचू शकतो.

सेमिनरीत आम्हांला पवित्र शास्त्राविषयी हाच धडा मिळाला. बारावे पायस यांनी १९४३ च्या परिपत्रकात आणि द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या ‘देई व्हेर्बुम’मध्ये सांगितले, की लेखकाला काय म्हणावयाचे होते हे जाणण्यासाठी त्याचा काळ आणि त्याचा साहित्यप्रकार जाणावा. स्तोत्र हे स्तोत्र म्हणून, दाखला हा दाखला म्हणून वाचावा. बी पेरणाऱ्याच्या दाखल्यावरून कोणी शेतीचे वेळापत्रक बांधत नाही.

मग वैकुंठ कोणाचे? मी त्या गृहस्थांना म्हणालो, “काका, शब्द शेजाऱ्यांचा आहे. स्टीफन्सनी तो मागून घेतला आणि त्यात आपल्या प्रभूच्या पित्याचे घर दाखविले. शेजाऱ्यांच्या फळ्यावर त्याचा अर्थ त्यांचाच राहील. आपल्या पुराणात तो मागील-पुढील ओव्यांनी ठरेल. उसने घेतलेल्या वस्तूचा मान ठेवावा आणि ती कोणाकडून आणली हे विसरू नये.” काका क्षणभर गप्प राहिले. मग चष्मा सावरून म्हणाले, “वाचा पुढे.”

आपल्याकडे ‘पुराणातली वांगी पुराणात’ असे म्हणतात. या पुराणाच्या बाबतीत तसे होऊ नये. घरातील थोरांनी ओवी वाचावी, मुलांनी शंका विचाराव्यात, आणि उत्तर देण्यापूर्वी आपण थोडे मागचे, थोडे पुढचे वाचून पाहावे.