फुलांमुलांचे कवी : रेव्हरंड टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण आपल्या मंडळ्यांत अभंगांमुळे व भजनांमुळे होते. महाराष्ट्रातील शाळांनी मात्र त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून ओळखले. मंडळीचे टिळक निराळे आणि मुलांचे टिळक निराळे, असे मानण्याची सवय आपणांस जडली आहे. ती सोडावी असे आम्हांस वाटते, आणि याचे कारण त्यांच्या चरित्रातच आहे.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी त्यांचा जन्म झाला. आम्ही भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीत बसून हे लिहीत आहोत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो. टिळकांना नव्या कराराची प्रत मिळाली ती राजनांदगावला जाताना, आगगाडीतील एका अनोळखी युरोपीय प्रवाशाकडून. तेच राजनांदगाव पुढे मध्य प्रदेशात आले आणि २००० सालापासून छत्तीसगडात आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

व्यासपीठावरून बोलताना आपण येथून झपाट्याने पुढे जातो. परंतु या बाप्तिस्म्याने एक घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्या वर्षांचे दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि तेही विनोद न सोडता. ज्याची कविता पुढे घरोघरच्या मुलांना प्रिय झाली, त्या बापाला आपल्या मुलाचे बालपण पुरते पाहता आले नाही. ‘बापाचे अश्रू’ हे त्यांच्या एका कवितेचे नाव आहे. ते वाचताना आम्हांस हा काळ आठवल्यावाचून राहत नाही.

अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक १८७३ पासून निघत होते. त्या काळच्या मुलांच्या वाचनात, मिशनच्या असो वा इतरांच्या, गोष्ट बहुधा बोधाकडे वळे. ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत टिळकांनी तसे वळण घेतलेले नाही. घायाळ पक्षिणी पिल्लांसाठी घास घेऊन घरट्याकडे येते व प्राण सोडते, एवढाच प्रसंग.

आमच्या येथील मराठी मुले हिंदीतून शिकतात. लिपी एकच असल्याने वाचतात, पण शब्द अडतात. त्यांना ही कविता समजावून सांगितल्यावर चिमण्यांविषयीचे प्रभूचे वचन जोडून पाठ संपविण्याच्या बेतात आम्ही होतो. तोच एका मुलीने विचारले, “पिल्लांचे पुढे काय झाले?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिला वचनाची घाई नव्हती. घाई आमची होती. त्या दिवशी वचन तसेच राहिले आणि तासभर पिल्लांविषयीच बोलणे झाले. धर्मशिक्षणाचा तास वाया गेला असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही.

टिळकांना श्रद्धा सांगावयाची नव्हती असे नव्हे. ‘अभंगांजली’ आणि अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्याची साक्ष देतात. पण लहानांशी वागताना ते ती लादीत नसत. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ज्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. रुसवेफुगवे, लक्ष्मीबाईंशी भांडणे, पुन्हा समेट, असे घरच्या मुलासारखे त्यांचे राहणे होते. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. आपल्या मिशन-अहवालांच्या रकान्यांत अशा मुलाची नोंद कोठे करावी?

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्थानकानजीक रेल्वेगाडीखाली सापडून ठोमरे वारले. वय अवघे सत्तावीस वर्षांचे. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस टिळकांनी देह ठेवला.