बार्टिट्सू : गुरू नसलेला आखाडा

आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय तो जन्माला आला बंगळुरात, म्हणजे मी गेली काही वर्षं राहतोय त्या गावात. तारीख ८ नोव्हेंबर १८६०, नाव एडवर्ड विल्यम बार्टन-राइट. वडील मद्रास रेल्वेत इंजिनांच्या खात्यात मोठे अधिकारी होते. मुलगाही इंजिनियर झाला, देशोदेशी हिंडला आणि जपानात तीनेक वर्षं राहून जुजुत्सू शिकला. १८९८ साली तो लंडनला परतला आणि त्याने एक खिचडी शिजवली. त्यात जुजुत्सू होतं, इंग्लिश बॉक्सिंग होतं, सावात ही फ्रेंचांची लाथांची कला होती आणि पियेर विन्यी या स्विस उस्तादाची काठी होती. काठी म्हणजे लाठी नव्हे हं, साहेबलोक फिरायला जाताना हातात धरायचे ती. आपलं आडनाव आणि जुजुत्सू यांची सांगड घालून त्याने खिचडीला नाव दिलं, बार्टिट्सू.

शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवर त्याचा क्लब होता. युकिओ तानी आणि सादाकाझु उयेनिशी हे जपानी तरुण तिथे शिकवत. कॅप्टन आल्फ्रेड हटन तलवार शिकवत, तीही सोळाव्या-सतराव्या शतकातली, जुन्या पुस्तकांतून शोधून काढलेली. म्हणजे त्या क्लबातसुद्धा एकजण मेलेली विद्या उठवत बसलाच होता. आम्हाला हे वाचून फार बरं वाटलं.

१९०२ मध्ये क्लब बंद पडला. पुढच्याच वर्षी कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला दरीच्या काठावरून जिवंत परत आणलं ते याच विद्येच्या जोरावर, पण नाव चुकलं, ‘बारित्सू’ झालं. नंतरची बरीच दशकं लोकांच्या लक्षात राहिला तो हा चुकीचा शब्द. खुद्द बार्टन-राइट १९५१ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला.

मागे काय उरलं? मुख्यतः ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधले १८९९ आणि १९०१ चे त्याचे सचित्र लेख. ते इंटरनेटवर आले, २००२ मध्ये बार्टिट्सू सोसायटी स्थापन झाली आणि जगभर छोटे गट सुरू झाले. पट्टे नाहीत, परीक्षा नाहीत, कुणी मुख्य गुरू नाही. आमचा गट असाच, एका गच्चीवरचा. सहा माणसं, घरी बोलायच्या चार भाषा, वेताच्या काठ्या, तलवारबाजीचे जाळीचे मुखवटे आणि बोटं वाचवायला क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्ह्ज.

आता अडचण सांगतो. फोटो एक क्षण दाखवतो. दोन फोटोंच्या मधे काय झालं, ते तुम्हालाच भरायचं असतं. विन्यीच्या काठीत एक पवित्रा आहे. डावा पाय पुढे, काठीचा हात डोक्याच्या वर, डावा हात समोर पसरलेला. समोरचा त्या पुढच्या हातावर वार करतो, तो वार हवेत जातो आणि वरून तुमची काठी उतरते. आम्ही हे जवळजवळ वर्षभर कंबरेतून मागे झुकून करत होतो. फटके खात होतो आणि काठी लांब हवी, ग्लोव्ह्ज जाड हवेत, अशी कारणं काढत होतो. मग एका रविवारी आमच्यातल्या एकीने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि म्हणाली, “अरे, पाय बघा ना!” दुसऱ्या फोटोत डावा पाय मागे गेला होता. मजकुरातही तसं लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं होतं, पण पायांनी वाचलं नव्हतं.

हात इतका वर का, याचं उत्तरही असंच कळलं. फिरायच्या काठीला मूठ झाकणारी वाटी नसते. हात खाली धरला की समोरच्याची काठी घसरत थेट बोटांवर येते. हात वर आणि टोक खाली असेल तर ती बोटांपासून दूर घसरते. ग्लोव्ह्ज काढून हळू वेगात दहा वेळा करून बघा, व्याख्यान लागत नाही.

बॉक्सिंग आणि लाथांच्या बाबतीत मात्र परिस्थिती बिकट आहे. त्या दोन्हींत आपण बदल केलेत असं बार्टन-राइट सांगतो, आणि ते बदल तपशीलवार दाखवत नाही. मग त्या काळातली इतरांची पुस्तकं घ्यायची आणि अंदाज बांधायचा. म्हणून आमच्याकडे एक वही आहे. लेखात आहे ते निळ्या शाईत, त्या काळच्या दुसऱ्या पुस्तकातून घेतलेलं हिरव्या, आमच्या डोक्यातलं लाल. लाथांचं पान जवळपास लालच आहे.

या वहीवरून भांडणही झालं. दुसरी एक युद्धकला बरीच वर्षं शिकवलेले एक गृहस्थ आमच्यात आले. हात खरोखर कसलेला. तिसऱ्या आठवड्यापासून सगळे त्यांच्याकडे बघून करायला लागले, आणि मला आवडायलाही लागलं होतं. चुकलं की कुणीतरी सांगतंय, याचं सुख मोठं असतं. पण वही उघडली तर महिनाभर एकही निळी ओळ नव्हती. आम्ही त्यांची विद्या शिकत होतो, पाटी बार्टिट्सूची. ते गेले, त्यांच्याबरोबर आमच्यातले दोघेही गेले. त्यांनी आम्हाला हट्टी म्हटलं, ते अगदीच खोटं नव्हतं.

कारण गुरू नसण्याची किंमत मी दुसऱ्या कुणाला मोजायला लावली आहे. बार्टन-राइटचं एक तत्त्व असं, की सांध्यावर असा ताण द्यायचा जो शरीररचनेमुळे त्याला पेलवणारच नाही. ते मी एका मित्राच्या कोपरावर वाजवीपेक्षा चांगलं अमलात आणलं. ‘थांब’ म्हणणारं कुणी नव्हतं. चार महिने त्याला डाव्या हाताने बादली उचलता आली नाही.

आणखी एक बोचणारी गोष्ट. विन्यीच्या काठीचं पद्धतशीर, वाराला वार लावून दिलेलं वर्णन मिळतं ते १९२३ च्या एका पुस्तकात. लेखक एच. जी. लँग, हिंदुस्थानातल्या पोलीस खात्यातला इंग्रज अधिकारी. इंग्रजांच्या पोलिसांची काठी आपल्याकडे कुणाच्या पाठीवर पडत होती ते सांगायला नको. माझ्या आजोबांनी बेचाळीस साली ती खाल्ली होती. ते पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा दोन पानं वाचून बंद केलं. पुढच्या रविवारी पुन्हा उघडलं, कारण मनगटाचा फेर दुसरीकडे कुठे इतका उलगडून दिलेला नव्हता. वहीत त्या नोंदी हिरव्या शाईत आहेत आणि प्रत्येकीपुढे लँगचं नाव आणि त्याचा हुद्दा लिहिलेला आहे. हुद्दा लिहायचा असं मीच सुचवलं.

कोपराचा मित्र परत आला. काठी खेळतो, लाथांच्या लाल पानावर वाद घालतो. माझ्याबरोबर पकडींचा सराव करताना मात्र अजून फक्त उजवा हात पुढे करतो.