निसर्गचित्र: सरोवराच्या काठापासून मोबाईलपर्यंत

मोबाईलवर निसर्गाचा फोटो घ्यावा, ॲपमधील एखादी शैली निवडावी आणि क्षणार्धात त्याचे रंगचित्र व्हावे, याचे आता आपल्याला फारसे अप्रूप वाटत नाही. परंतु या सोयीचा उगम शोधू गेल्यास आपण एका अपयशापाशी पोहोचतो.

१८३३ च्या ऑक्टोबरात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हे इंग्रज गृहस्थ इटलीतील कोमो सरोवराच्या काठी रेखाटन करीत होते. कॅमेरा लुसिडा हे लोलकाचे उपकरण मदतीला असूनही चित्र साधेना. निसर्गानेच आपली प्रतिमा कागदावर उमटवली तर? या विचाराने त्यांना छायाचित्रणाच्या प्रयोगांकडे नेले आणि १८३९ मध्ये ते प्रयोग जगापुढे आले.

चित्र जमेना म्हणून फोटो आला; पुढे फोटोलाच चित्र होण्याची ओढ लागली. १९९० मध्ये पॉल हेबर्ली यांनी फोटोतील रंग उचलून संगणकावर कुंचल्याचे फटकारे उमटवण्याची रीत मांडली. २०१५ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे गॅटिस, एकर व बेथगे या संशोधकांनी आणखी मोठी मजल मारली. नेकार नदीकाठच्या घरांचा फोटो त्यांनी व्हॅन गॉगच्या ‘द स्टारी नाइट’च्या शैलीत रंगवून दाखवला. फोटोत काय आहे, हे संगणकाने एकीकडे टिपले. चित्रातील रंग, पोत व वळणे दुसरीकडे. मग दोहोंचा मेळ घातला. २०१६ मध्ये ‘प्रिझ्मा’ या ॲपने ही किमया घरोघरी नेली.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. व्हॅन गॉगने ते चित्र जून १८८९ मध्ये फ्रान्समधील सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात रंगवले. चित्रातील गाव त्याच्या खोलीच्या खिडकीतून दिसत नव्हते. ते त्याने मनाने तेथे वसवले. त्या गावातील चर्चचा उंच, निमुळता मनोरा तर त्याच्या मायभूमीची, हॉलंडची, आठवण करून देतो.

ॲपला त्याचे फटकारे सापडले. घरापासून दूर असलेल्या माणसाला तो मनोरा का आठवावा, हे मात्र त्या फटकाऱ्यांत नाही. म्हणून आपल्या गावचे तळे वा चर्च असे रंगवताना आपणच स्वतःला विचारावे: यातील काय ठेवू, काय पुसू, कशाची उणीव मनाला जाणवते? आणि मूळ फोटोही जपून ठेवावा. उद्या ते तळे उरले नाही, तर ते कसे होते हे तोच सांगेल.