‘खुकरी’वरील तरुण अधिकारी

१९७१ च्या युद्धाची आठवण निघाली की आमच्या सासूबाई काळोखाची गोष्ट सांगतात. तेव्हा त्या नव्या नवरी म्हणून घाटकोपरच्या चाळीत आल्या होत्या. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले असत. भोंगा वाजला की दिवे मालवायचे आणि पोरांना उराशी धरून बसायचे. “काळोखात भाकरी करपली म्हणून मी रडले होते गं,” असे त्या आता हसून सांगतात. त्याच काळोखात आपल्या मुंबईहून निघालेले एक जहाज परत आलेच नाही. त्याविषयी चार शब्द लिहिते.

४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. पुढे काठेवाडच्या समुद्रात शत्रूची पाणबुडी फिरत असल्याचा सुगावा लागला. तिचा माग काढण्यासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ ही जहाजे ८ डिसेंबरला मुंबईहून निघाली. ‘खुकरी’चे कप्तान होते महेंद्रनाथ मुल्ला.

जहाजावर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचे एक हुशार तरुण अधिकारी होते. पाण्याखाली ध्वनिलहरी सोडून पाणबुडी शोधण्याचे जे यंत्र असते, त्याला सोनार म्हणतात. आपल्या जहाजांवरील हे यंत्र जुने होते आणि त्याला दूरचे ऐकू येत नसे. त्याची शक्ती वाढविण्याचे काम जैन यांनी अणुशक्ती केंद्रात, म्हणजे आपल्या तुर्भ्याच्या भाभा केंद्रात, हाती घेतले होते. त्याचाच प्रयोग ‘खुकरी’वर चालू होता. जहाज हळू चालले की त्याचा स्वतःचा आवाज कमी होतो आणि यंत्राला लांबचे ऐकू येते. म्हणून वेग कमी ठेवला होता. पण हळू जाणारे जहाज शत्रूच्याही नेमात सहज सापडते.

९ डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीचा पाणतीर ‘खुकरी’वर आदळला. काही मिनिटांत जहाज तळाला गेले. पुलावरच्या तरुण अधिकाऱ्यांना कप्तान मुल्लांनी ढकलून पाण्यात उतरविले, पण स्वतः जहाज सोडले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्यांत जैनही होते. दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ जहाजाने ६७ जणांना वाचविले. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

काही जण म्हणतात, तो प्रयोग नसता तर जहाज वाचले असते. मला ते बोलणे पटत नाही. घरात जुनी शेगडी धूर करू लागली तर कोणीतरी पुढे होऊन ती दुरुस्त करायला बसतेच. हात भाजला म्हणून त्याला दोष देत नाहीत. आपल्या माणसांना शत्रू आधी दिसावा, यासाठीच तो मुलगा धडपडत होता. त्याने इतरांना धोक्यात लोटून स्वतः किनाऱ्यावर बसणे पत्करले नाही. यंत्राबरोबर तोही जहाजावर गेला.

मागे आम्ही दीवला गेलो होतो. तिथे समुद्राकाठी टेकाडावर ‘खुकरी’चे स्मारक आहे. काचेच्या पेटीत जहाजाची लहान प्रतिकृती ठेवली आहे. ती पाहताना मनात आले, रणात पडलेल्या वीराची निदान राख तरी घरी येते. यांच्या आयाबायांना ना मुख पाहता आले, ना अग्नी देता आला. दार वाजले की तोच आला असेल, असे कित्येक वर्षे वाटत राहिले असेल.

पुढे ‘खुकरी’ नावाचे नवे जहाज आपल्या माझगाव गोदीत बांधले गेले. १९८९ ते २०२१ पर्यंत त्याने सेवा केली आणि आता तेही दीवलाच ठेवले आहे. नाव असे राहिले. माणसेही राहावीत, एवढीच इच्छा. येत्या ९ डिसेंबरला संध्याकाळी देवापाशी दिवा लावाल, तेव्हा एक वात त्या १९४ जणांसाठी लावा. सासूबाईंनी आमच्या घरी हे कबूल केले आहे.