थंड पेला कोणाचा?

२०२५ चा एप्रिल. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला होता, वीज गेली होती आणि आठवीची मुलं वह्यांनी वारा घेत बसली होती. एका मुलीने विचारलं, "टीचर, फळांचा आइस टी घरी करता येतो का? मॉलमध्ये लई महाग असतो."

मागच्या बाकावरून आवाज आला, "थंड झालेला चहा आमची अम्मी ओतून देते. तो विकत कशाला घ्यायचा?"

वर्ग हसला. मग तिसऱ्याने हळूच विचारलं, "टीचर, सरबतात पण जिहाद असतो का? मोबाईलवर बघितलं."

यावर कोणी हसलं नाही.

त्या महिन्यात काय झालं होतं ते आपल्याला आठवत असेल. आपलं सरबत खपवण्यासाठी दुसऱ्याच्या सरबताला 'शरबत जिहाद' म्हणणारा एक व्हिडिओ फिरत होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. हे विधान न्यायालयाच्या विवेकबुद्धीला धक्का देणारं आहे, असं न्यायमूर्तींनी सुनावलं आणि व्हिडिओ काढून घेण्याची तयारी समोरच्या पक्षाला दाखवावी लागली. कायद्याचं काम न्यायालयाने केलं. तेरा वर्षांच्या मुलाला उत्तर द्यायचं काम मात्र माझ्या वाट्याला आलं.

मी इतिहासाची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे अडचण आली की मी आधी शब्द उघडून बघते. फळ्यावर 'शरबत' लिहिलं. अरबीत श-र-ब या धातूचा अर्थ पिणं. त्यातूनच शरबत, त्यातूनच शराब. हाच शब्द लॅटिनच्या वाटेने युरोपात गेला आणि खोकल्याच्या बाटलीवर 'सिरप' होऊन आपल्याकडे परत आला. मराठीने शरबतचं 'सरबत' केलं आणि लिंबू, कोकम, वाळा यांच्यासाठी तो शब्द असा वापरला की तो बाहेरून आला होता हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मुलांना सर्वांत जास्त मजा वाटली ती 'जुलाब' या शब्दाची. फारसीतलं गुलाब म्हणजे गुल अधिक आब, फुलाचं पाणी. अरबीत त्याचं जुलाब झालं, ते हकिमांच्या गोड औषधी पेयाचं नाव पडलं. रेचक औषधाशी त्याची सांगड बसली आणि मराठीत शेवटी काय अर्थ उरला, हे सांगायची गरज नाही. इंग्रजीत मात्र त्याच शब्दाचं 'जुलेप' हे ऐटबाज पेय झालं.

मग त्या मुलाला मी विचारलं, "तुझे अब्बा कुठे कामाला आहेत?" म्हणाला, "चाकणला, कारखान्यात." म्हटलं, शिवाजी महाराजांच्या राज्यातही कारखाने होते. मराठेशाहीच्या कारभारातल्या अठरा कारखान्यांची यादी आपण ऐकतो. त्यात तोफखाना आहे, पीलखाना आहे, दारूखाना आहे आणि त्यांच्याच रांगेत आबदारखाना आणि शरबतखानाही आहे. आबदारखाना म्हणजे पिण्याच्या पाण्याचं खातं. म्हणजे ज्या राज्याची शपथ घेऊन आज काहीजण सरबतावर संशय घेतात, त्या राज्यात सरबत हे सरकारी खात्याचं नाव होतं. नाव फारसी, राज्य मराठी. त्या काळात कोणाला ते खटकलं नाही.

पण थंड पाणी मिळवणं तेव्हा सोपं नव्हतं. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या आबदारखान्याची रीत लिहून ठेवली आहे. जस्ताच्या किंवा चांदीच्या सुरईत एक शेर पाणी घालून तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्यात ती सुरई थोडा वेळ फिरवत राहायचं. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे सुरईतलं पाणी गार होतं. याच सोऱ्यापासून बंदुकीची दारू बनते. जी वस्तू आग ओकते तीच पाणी थंड करते, याचं नवल अबुल फजललाही वाटलं होतं. पुढे १५८६ पासून, बादशहाचा मुक्काम लाहोरकडे गेल्यावर, उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ येऊ लागला.

सोऱ्याची दुसरी करामत आमच्या चाकणने पाहिली आहे. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने जवळपास दोन महिने हा भुईकोट झुंजवला. अखेर मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग लावून तो उडवला, तेव्हा किल्ला पडला. एकाच सोऱ्याने बादशहाचा घसा गार झाला आणि चाकणचा बुरुज ढासळला. आज त्या किल्ल्याचे थोडे अवशेष उरलेत आणि भोवतीच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस गाड्यांचे सुटे भाग वाहणारे ट्रक धावतात.

बादशहानंतर बर्फ शेठ-सावकारांकडे आला. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतला १८० टन बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत पोहोचला. लवकरच मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरू लागला. जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत आइस्क्रीम दिलं, तेव्हा यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने छापली होती. नव्या थंड पदार्थाची थट्टा करायची सवय आपल्याकडे जुनीच आहे. पुढे बर्फाचे कारखाने इथेच निघाले, जहाजं बंद झाली आणि बर्फ गोळ्याच्या गाडीवर आला.

आता चहा. तो आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे असं वाटतं, पण आपल्या आजोबा-पणजोबांना चहा प्यायला अक्षरशः शिकवावं लागलं. १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली आणि मळ्यांचा विस्तार झाला, पण माल जायचा विलायतेला. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशांतून प्रचार सुरू झाला. अमेरिकेत हिंदुस्थानी चहाचा प्रचार करणारे रिचर्ड ब्लेचिंडेन १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात गेले. उन्हाळा कडक, गरम चहाकडे कोणी फिरकेना. त्यांनी चहा बर्फाने गार करून दिला आणि लोकांनी रांगा लावल्या, अशी कथा सांगितली जाते. तिथेच आइस टीचा जन्म झाला म्हणतात, ते मात्र खरं नाही. १८७९ मध्ये छापलेल्या व्हर्जिनियातल्या एका पाकपुस्तकात बर्फ, साखर आणि लिंबाचा थंड चहा आधीच आहे. पण तो जगभर गाजला यात आपल्या आसामच्या पानाचा वाटा आहे, एवढं नक्की. मॉलमध्ये परदेशी नावाने जे विकत घेतो, त्यातला चहा मुळात इथूनच गेलेला.

घरच्या बाजारपेठेसाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी आणि कारखान्यांत चहाच्या टपऱ्या उभ्या केल्या गेल्या. चहाने मजूर ताजातवाना होतो आणि काम जास्त करतो, हे मालकांना पटवलं गेलं. कारखान्यातली चहाची सुट्टी अशी आली. रेल्वे स्थानकांवरही चहा आला, पण तिथे हाका वेगळ्या होत्या. 'हिंदू चाय', 'मुस्लिम चाय'. पाण्याचे घडेसुद्धा वेगळे. तहान एक, गाडी एक, फलाट एक आणि पेले दोन. दलितांना तर त्या दोन्हींत जागा नसे.

म्हणून थंड पेल्याचा इतिहास हा नुसता चवीचा इतिहास नाही. पेला कोणाच्या हाती पोहोचला आणि कोणाच्या हातून काढून घेतला, याचाही तो इतिहास आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं. आपल्याकडे मोहरमला सबील लागते. करबलाच्या मैदानात इमाम हुसैन आणि त्यांच्या साथीदारांना फुरातचं पाणी बंद केलं होतं. त्या तहानेची आठवण म्हणून वाटसरूला सरबत पाजायचं, त्याचा धर्म-जात न विचारता. महाराष्ट्रात ताबुतापुढे नवस बोलणाऱ्या हिंदू बायकाही ते सरबत घेत आल्या आहेत. ज्या सरबताची मूळ अटच 'कोण आहेस ते विचारू नका' ही आहे, त्यावर जिहादचा शिक्का मारणं म्हणजे त्या पेल्यात थुंकण्यासारखंच.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना उरलेली आपल्याकडे वळतात. माझे अब्बा बीडकडचे. त्यांच्या गावी चहाच्या टपरीवर काही जणांसाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा. तो कोणासाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं. अब्बा प्रामाणिकपणे सांगायचे, "आपला कप साबूत होता म्हणून आपण गप्प बसलो." आपल्याही मोहल्ल्यात बिरादरी बघून भांडं पुढे करणारे होते, अजून आहेत.

ते पिंपरीला आले तेव्हा हे गावठाणांचं गाव कारखान्यांचं शहर होत होतं. १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि माळरानांवर शेड उठल्या. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. अब्बा म्हणायचे, कंपनीतली पहिली आठवण मशीनची नाही, किटलीची आहे. कॅन्टीनच्या रांगेत एकच किटली आणि एकसारखे ग्लास. कोणता ग्लास आधी कोणाच्या ओठाला लागला, हे शोधायला सुट्टीची दहा मिनिटं पुरत नव्हती. भोंग्याने जे केलं ते गावातल्या शहाण्यांना शतकभर जमलं नव्हतं. म्हणून कारखान्यांनी जात संपवली असं मी म्हणणार नाही. वस्तीत भाड्याचं घर शोधताना आडनाव आजही विचारलं जातं. पण त्या दहा मिनिटांची किंमत मी कमी लेखणार नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. आइस टी घरी होतो आणि अगदी स्वस्तात होतो. एक लिटर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात चार छोटे चमचे चहापत्ती टाका, झाकण ठेवा. चार मिनिटांत गाळून घ्या. उकळत ठेवाल तर कडू होईल. साखर किंवा गूळ गरम असतानाच विरघळवा. चहा आधी बाहेरच निवू द्या. गरम चहा तसाच फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ दिसतो. दूध घालू नका, फळाच्या आंबटपणाने ते फाटेल. मग फळ आपल्या ऐपतीचं आणि हंगामाचं. कैरी उकडून तिचा गर, भिजवलेल्या कोकमाचा रस, डाळिंबाचे दाणे कुस्करून, कलिंगडाचा गाळलेला रस किंवा महाबळेश्वरची उरलीसुरली स्ट्रॉबेरी. लिंबू पिळलं की चहाचा रंग डोळ्यांदेखत फिका होतो, मुलांना ते दाखवाच. वरून भिजवलेला सब्जा आणि पुदिना. थोडा चहा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून घेतला तर बर्फ वितळल्यावरही चव पाणचट होत नाही. एक-दोन दिवसांत संपवून टाका. लहान मुलांसाठी चहा निम्मा आणि रस जास्त. रोज्यात दिवसभर पोट रिकामं असतं, तेव्हा इफ्तारला आधी साधं पाणी, हा पेला नंतर.

निकालाच्या दिवशी ती मुलगी दोन मोठ्या बाटल्या घेऊन आली. कोकम आणि चहा. एक बाटली तिच्या अब्बांनी चाकणला लाइनवर नेण्यासाठी मागितली होती, ती तिने दिली नव्हती. कागदी ग्लास मोजले तर बावीस निघाले आणि मुलं एकोणचाळीस. कोणाला थांबा म्हणावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात मुलांनी आपापसात एका ग्लासात दोघं असं करून टाकलंही. थंड चहा ओतून देणाऱ्या अम्मीचा लेक दुसऱ्यांदा रांगेत उभा होता.

जिहादचा प्रश्न विचारणारा मुलगा शेजारच्याला म्हणत होता, "अर्धा ठेव हां माझ्यासाठी."