मेढ आणि खळगा

लग्नाच्या आधीं आपण मांडवाची मुहूर्तमेढ रोवतों, आणि एखादी संस्था निघाली तर तिचीही मुहूर्तमेढच रोवली असें म्हणतों. हा शब्द इतका रुळला आहे कीं, मेढ म्हणजे मुळांत जमिनींत पुरलेला लांकडी खांब, हें आपणां शहरवासीयांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

बुलढाणा जिल्ह्यांतील जानेफळ येथें एका शेतांत राखणीची खोप उभी राहतांना आम्हीं पाहिली, तेव्हां तें आमच्या ध्यानांत आलें. खणणारा काळ्या मातीशीं थांबला नाहीं. खालचा मुरूम लागल्यावरही त्याची पहार चालूच होती. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत फुगते. केवळ तिच्या भरंवशावर उभी केलेली मेढ लौकरच कलते. वाळवीच्या भयानें बुडखा विस्तवावर काळा करून त्यानें तो खड्ड्यांत उतरविला, भोंवतीं दगड ठोकले, माती चेपली. वरच्या बेळक्यांत आढें बसलें आणि खोपीचा सांगाडा उभा राहिला.

असल्या घरांना इतिहास नसतो, अशी आपली समजूत. देवळें दगडाचीं म्हणून टिकतात, मेढ कुजते. परंतु तिचा खळगा राहतो! लांकडाच्या जागीं निराळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते, आणि हजारों वर्षांनीं ती भुई हलक्या हातानें खरवडली असतां तेथें वाटोळा डाग उमटतो. असे डाग जोडीत गेलें म्हणजे घराचा आराखडा मिळतो.

पुणें जिल्ह्यांत घोड नदीकांठच्या इनामगांवीं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ पासून अनेक हंगाम हेंच केलें. सांकळिया, अन्सारी व ढवळीकर हे त्यांतले प्रमुख. इ. स. पू. १४०० ते १००० च्या थरांत त्यांना ऐसपैस चौकोनी घरें सांपडलीं. त्यावरच्या थरांत मात्र खळग्यांचीं लहान लहान कडीं, म्हणजे गोल झोंपड्या. पाऊस उणावला, शेती खालावली, लोक शेळ्यामेंढ्यांच्या मागें फिरूं लागले, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. गोल झोंपडी म्हणजे दारिद्र्यच, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण धान्य आणि हाडें यांचीही साक्ष जमेस धरली म्हणजे हा निष्कर्ष टाळतां येत नाहीं. इ. स. पू. ७०० च्या सुमारास ती वसाहत ओस पडली. तेथल्या माणसांनीं आपल्या पडत्या काळाविषयीं एक अक्षरही लिहून ठेविलें नाहीं. त्यांना लिपीच नव्हती. जें कांहीं कळलें, त्यांतलें बरेंचसें या खळग्यांनीं सांगितलें.

जानेफळची ती खोप पीक निघाल्यावर मोडली. मेढी चांगल्या होत्या, म्हणून उपटून घरीं नेल्या. पुढें त्या जागेवरून नांगर फिरला. पण त्याचा फाळ मुरमापर्यंत पोंचत नाहीं.