पंप स्टोरेज प्रकल्प म्हणजे नेमकं काय? कोळशाची वीज, भिवपुरीचं पाणी आणि कर्जतकरांचे प्रश्न

दहिवली (ता. कर्जत) : कर्जत तालुक्यात सध्या चावडीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत 'पंप स्टोरेज' हा शब्द ऐकू येतो. कोणी म्हणतं धरण होणार, कोणी म्हणतं डोंगर पोखरणार, कोणी म्हणतं नोकऱ्या येणार. सरकारी कागदावर याला 'उदंचन जलविद्युत प्रकल्प' म्हणतात. हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ.

आपल्या राज्याची बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. कोळसा हटवून सौर वीज आणायची तर मोठी अडचण एकच. सूर्य दुपारी तळपतो आणि घरातले दिवे, पंखे, टीव्ही संध्याकाळी सातला लागतात. म्हणजे दुपारची वीज कुठेतरी साठवून ठेवावी लागते. एक मार्ग मोठ्या बॅटऱ्यांचा. दुसरा पाण्याचा, आणि त्यासाठी उंच घाट लागतो. तो आपल्या डोक्यावरच उभा आहे.

यात दोन तलाव असतात, एक घाटमाथ्यावर आणि एक पायथ्याला. दुपारी सौर वीज जास्त झाली की खालचं पाणी पंपाने वर चढवायचं. संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. वर चढवायला १०० युनिट लागले तर परत साधारण ७५ ते ८० मिळतात. म्हणजे हा वीज 'तयार' करणारा कारखाना नाही, ती साठवणारी टाकी आहे. प्रचारात हे अनेकदा गाळलं जातं. दुपारी पंपाला लागणारी वीज कोळशाचीच असेल, तर कोळसा काही कमी होत नाही.

आकडा डोळ्यासमोर आणायचा तर १०,००० लिटरचा एक टँकर घ्या. तेवढं पाणी ५०० मीटर उंचीवरून खाली आणलं तर साधारण १२ युनिट वीज मिळते. साध्या घराची तीन-चार दिवसांची वीज. उलट १,००० मेगावॅटचा प्रकल्प एक तास पूर्ण चालला तर १० लाख युनिट देतो. पाणी किती लागत असेल ते यावरून कळेल.

आपल्याकडे हे सगळं अगदी नवीन नाही. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ साली आणि भिऱ्याचं १९२७ साली. (भिवपुरी रोड स्टेशनला उतरून पॉवरहाऊस शोधू नका, ते तिथून लांब आहे.) भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, जमिनी मात्र मावळातल्या शेतकऱ्यांच्या गेल्या. भिऱ्यालाच पुढे १५० मेगावॅटचा पंप स्टोरेज संचही बसवला. सरकारी उदाहरण हवं असेल तर घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे.

आता नवीन काय? जून २०२३ मध्ये टोरंट पॉवरने राज्य सरकारशी करार केला. त्यात कर्जतसाठी ३,००० मेगावॅटचा प्रकल्प आहे, शिवाय मावळ आणि जुन्नरचेही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनेही करार केला : शिरवता १,८०० आणि भिवपुरी १,००० मेगावॅट, मिळून सुमारे १३,००० कोटींची गुंतवणूक.

शेतकऱ्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते पाण्याकडे. ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला वीज करून खाली येतं आणि पेज नदीला मिळतं. उन्हाळ्यातही पेज वाहते ती त्यामुळेच. राजनाल्यावरची दुबार भातशेती याच पाण्यावर उभी आहे. पंप स्टोरेजमध्ये मात्र तेच पाणी पुन्हा पुन्हा वर-खाली होतं. म्हणून भिवपुरीबाबत विचारायचा प्रश्न सरळ आहे : नदीत आणि कालव्यात रोज किती पाणी सोडणार, कोणत्या महिन्यात किती, आणि हे लेखी कुठे आहे? तोंडी 'पाणी कमी होणार नाही' याला काही अर्थ नाही. वरचं पाणी मुळात भीमा खोऱ्यातलं आहे आणि घाटावरूनही त्यावर हक्क सांगितला जातो, हेही विसरू नका.

दुसरा प्रश्न जंगलाचा. ठाकूर आणि कातकरी वाड्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपले वैयक्तिक आणि सामूहिक दावे ग्रामसभेतून दाखल केलेत का, हे आधी तपासावं. मोजणी सुरू झाल्यावर कागद शोधण्यात वेळ जातो. ग्रामसभेचा ठराव झाला की त्याची प्रत ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावी.

जाता जाता घरच्या छताबद्दल. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८,००० रुपये अनुदान आहे. १ किलोवॅटचं पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात ते बरंच खाली येतं. आणि पुष्कळ लोकांचा गैरसमज असतो की सौर बसवलं म्हणजे लाईट गेली तरी घर उजळलेलं राहील. तसं नाही. बॅटरी नसलेली साधी ऑन-ग्रीड यंत्रणा महावितरणची लाईट गेली की स्वतःच बंद पडते, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये. अंधारात दिवे हवे असतील तर बॅटरीवाली यंत्रणा घ्यावी लागेल आणि तिचा खर्च वेगळा. कोटेशन घेताना हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.